पन्नास हजारांचा की लाखाचा?

बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की एक प्रश्न मला हमखास गाठतो. कधी शाळेच्या फाटकापाशी, कधी वलीम्याच्या जेवणात, कधी रात्री दहा वाजता फोनवर. 'टीचर, मुलीला लॅपटॉप कोणता घ्यावा?' पूर्वी प्रश्न एवढाच असायचा आणि उत्तरही सोपं असायचं. आता त्याला शेपूट जोडलं गेलं आहे. 'साधा पन्नासात येतो, पण ती म्हणते लाखाचा घ्या, म्हणजे सहा-सात वर्षं बघायला नको. एवढे जास्तीचे घालायचे का?'

प्रश्न लहान नाही. आपल्या घरांत चाळीस-पन्नास हजार म्हणजे एका भिशीचा अख्खा नंबर असतो, धाकट्याच्या अकरावी-बारावीच्या क्लासची फी असते, किंवा अम्मीच्या डोळ्याचं लांबलेलं ऑपरेशन असतं. म्हणून दोन टोकांची उत्तरं मला आवडत नाहीत. एक, 'शिक्षणासाठी आहे, पैशाकडे बघू नका.' दुसरं, 'सगळे सारखेच असतात, स्वस्तातला घ्या, बाकी फिजूलखर्ची.' दोन्ही उत्तरं देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही.

मिरजेतल्या एका टेलर मास्टरांच्या घरची गोष्ट सांगते. नाव घेत नाही, पण सांगायला त्यांची हरकत नाही. मुलगी आमच्याच शाळेतून दहावी झालेली. गेल्या वर्षी तिला सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. रोज बसने जाणं-येणं. घरात अब्बांनी बाजूला ठेवलेले पस्तीस हजार होते आणि अम्मीच्या भिशीचा नंबर नेमका जुलैत लागला होता. वीस बायका, महिन्याला दोन हजार, म्हणजे चाळीस हजार. एकूण पंचाहत्तर. मुलीला हवा होता मॅकबुक एअर. मार्च २०२५ मध्ये एम-४ चिपचा जो एअर भारतात आला, त्याची किंमत ९९,९०० रुपयांपासून सुरू होती, विद्यार्थ्यांना ८९,९०० रुपयांपासून. म्हणजे पंधरा हजार कमी पडत होते, आणि धाकटा भाऊ दहावीत होता.

मुलीनं वहीच्या पानावर दोन रकाने आखून तुलना करून आणली होती. हौसेनं मागणाऱ्या पोरी असं करत नाहीत. तिचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं होतं. बॅटरी दिवसभर चालते, बसमध्ये न्यायला हलका आहे, आणि मोठ्या वर्गातल्या मुली स्वस्तातले लॅपटॉप तिसऱ्या वर्षी बदलतात. मास्टर गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, 'मॅडम, मला एवढंच सांगा, हे जुकी आहे का वेलबुट्टीचं काळं मशीन?'

ज्यांच्या घरी शिलाईकाम आहे त्यांना हा प्रश्न लगेच कळेल. घरगुती काळ्या मशीनवर पूर्वी सोनेरी वेलबुट्टी छापलेली असायची. वेलबुट्टी जितकी जास्त तितका भाव जास्त, टाका मात्र तोच. जुकी हे कारखान्यातलं जपानी मशीन. भाव घरगुती मशीनच्या तिप्पट-चौपट, पण मिनिटाला चार-पाच हजार टाके घालायची ताकद आणि दिवसाचे दहा-दहा तास चालून न थकणारं. जून महिन्यात शाळेचे गणवेश उरकायचे तर मास्टरांना ते लागतंच. घरी अम्मी मात्र फॉल-बिडिंगला अजून पायमशीनच वापरतात. त्यांच्यासाठी दुसरी जुकी घ्यावी असं मास्टरांना कधी वाटलं नाही, आणि अम्मींनाही नाही.

मी त्यांना म्हटलं, 'मास्टर, त्या लाखात थोडी जुकी आहे आणि थोडी वेलबुट्टी. कुठे काय आहे ते बघू या.'

मग आम्ही तिघं सव्वा तास बसलो. त्या बैठकीतलं कामाचं इथे देते.

जास्तीचे पैसे जातात कुठे? पहिली गोष्ट पडदा. पंचेचाळीस-पन्नास हजारांच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये पडदा फिका असतो. कंपनीच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' आणि '२५० निट' लिहिलेलं असतं. पहिल्याचा अर्थ रंग पुरते दिसत नाहीत, दुसऱ्याचा अर्थ उजेड कमी. खिडकीजवळ बसलं की अक्षर धूसर. महागड्यात '१०० टक्के एसआरजीबी' आणि ४००-५०० निट मिळतात. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलीला रंगांचं तितकं अडत नाही, पण रोज चार-पाच तास जिथे डोळे लावून बसायचं ती जागा अंधारी नसावी. शिवाय पडदा नंतर सुधारता येत नाही. फुटला तर तसाच दुसरा बसतो, चांगला बसत नाही.

दुसरी गोष्ट मेमरी, म्हणजे रॅम. इथे मी अडून बसते. आठ जीबी आता पुरत नाही. विंडोज आणि उघडलेला ब्राउझर मिळून चार-पाच जीबी सहज खातात, मग एखादं जड सॉफ्टवेअर उघडलं की मशीन अडखळतं. सोळा जीबी हवी. मॅकबुकमध्ये मेमरी चिपलाच जोडलेली असते, नंतर वाढवताच येत नाही. म्हणून आठ जीबीचा जुना मॅकबुक कुणी स्वस्तात देत असेल तर दोनदा विचार करा. ऑक्टोबर २०२४ पासून ॲपलनं एअरमध्ये कमीत कमी सोळा जीबी द्यायला सुरुवात केली, त्याआधीच्या पुष्कळ मशीनमध्ये आठच आहे. विंडोजच्या पातळ लॅपटॉपमध्येही मेमरी बऱ्याचदा बोर्डावर डाखलेली असते. दुकानदाराला नेमकं विचारायचं, 'रॅमला मोकळा स्लॉट आहे का?' असेल तर आज थोडी कमी घेऊन दोन वर्षांनी वाढवता येते. नसेल तर जे लागेल ते आजच घ्यावं लागतं. मास्टरांच्या भाषेत, शिवणीत दाबून ठेवलेलं कापड आहे का, म्हणजे उद्या उसवून सैल करता येईल.

तिसरी गोष्ट अंगकाठी. स्वस्त लॅपटॉप सगळ्यात जास्त कुठे मरतात, तर बिजागरीला. झाकण प्लास्टिकचं, त्यात स्क्रूसाठी पितळेच्या बारीक चकत्या बसवलेल्या. रोज वीसदा उघडझाक, तीही एका कोपऱ्याला धरून. दीड-दोन वर्षांत बिजागरी आवळते, चकती प्लास्टिक फोडून बाहेर येते आणि झाकण तिरकं उघडायला लागतं. प्रोसेसर ठणठणीत असतो, पण मशीन वापरता येत नाही. धातूच्या झाकणाला सहसा हे होत नाही. ही खरी जुकी. पण धातूचं झाकण फक्त लाखातच मिळतं असं नाही, साठ हजारांच्या आसपासही शोधलं तर सापडतं. आणि झाकण दोन्ही हातांनी, मधोमध धरून उघडायची सवय फुकट मिळते.

चौथी बॅटरी. इथे मुलीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. एम चिपच्या मॅकबुकची बॅटरी साध्या कामावर दिवसभर जाते. त्याच वेळी ४१-४२ वॅट-अवरची बॅटरी असलेला स्वस्तातला लॅपटॉप चार-पाच तासांत चार्जर मागतो. मॅकबुकची बॅटरी एक हजार वेळा भरून-रिकामी झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्के राहील अशा हिशेबानं बनवलेली असते. साध्या बॅटऱ्या त्याच्या निम्म्यातच दमतात. ज्याच्या कॉलेजात प्लग पुरत नाहीत किंवा गावात दुपारची वीज जाते, त्यानं या मुद्द्याला कमी लेखू नये.

आता वेलबुट्टी. 'आय-सेव्हन' हे स्टिकर बघून पाच-दहा हजार जास्त देणारे पालक मी दरवर्षी बघते. नुसत्या आय-सेव्हनला अर्थ नाही, पुढचा आकडा वाचावा लागतो. अकराव्या पिढीच्या आय-सेव्हन ११६५जी७ मध्ये चार कोर आहेत आणि पुढच्याच पिढीच्या आय-फाइव्ह १२४०पी मध्ये बारा. दुकानात मात्र पहिल्यावरचं स्टिकर जास्त रुबाबदार दिसतं. 'लष्करी दर्जाची मजबुती' हे दुसरं. अमेरिकी लष्कराच्या चाचण्यांची एक यादी आहे, त्यातल्या कोणत्या घ्यायच्या ते कंपनी स्वतः ठरवते. आणि 'एआय लॅपटॉप'. २०२४ पासून या नावाची मशीनं आली आहेत. मुलांची एआयची बहुतेक कामं इंटरनेटवरून होतात, ती कोणत्याही लॅपटॉपवर होतात. फक्त त्या शिक्क्यासाठी पैसे वाढवू नका.

इतकं झाल्यावर हिशेब आला. मुलीनं तो आधीच मांडून आणला होता. पंचावन्न हजारांचा लॅपटॉप पाच वर्षं चालला तर वर्षाला अकरा हजार. एक लाखाचा सात वर्षं चालला तर वर्षाला चौदा हजार दोनशे पंच्याऐंशी. फरक सव्वातीन हजारांचा, म्हणजे दिवसाला नऊ रुपये. 'अब्बा, नऊ रुपयांत अर्धा कप चहा पण येत नाही.'

हिशेब चुकीचा नव्हता. सात वर्षांची अपेक्षाही अवाजवी नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पहिल्या एम-१ एअरला २०२५ ची नवी प्रणालीसुद्धा मिळाली. विकायला काढला तरी मॅकबुकचे पैसे इतरांपेक्षा बरे येतात. पण दिवसाचे नऊ रुपये हा हिशेब ज्याच्याकडे लाख रुपये आधीच पडून आहेत त्याच्यासाठी आहे. दुकानदार दिवसाला नऊ रुपये घेत नाही, तो जुलैमध्ये एकदम घेतो. आणि त्या घरात ते जास्तीचे पैसे रिकामे बसलेले नव्हते, त्यांना दहावीतला भाऊ वाट बघत होता. दुसरं, सात वर्षं ही मशीनची ताकद झाली, पण मशीन बसमधून जाणार, मैत्रिणींच्या हाती जाणार, कधी त्यावर चहा सांडणार. साध्या लॅपटॉपचा फुटलेला पडदा बाहेर पाच-सहा हजारांत बदलून मिळतो. मॅकबुकचा बदलायचा तर कितीतरी पट पैसे. महाग वस्तू घेणाऱ्याकडे ती दुरुस्त करायचेही पैसे असावे लागतात, हे कोणत्याच रकान्यात लिहिलेलं नव्हतं.

कमी पडणाऱ्या पैशांवर दुकानदाराकडे तोडगा तयार होता, 'नो कॉस्ट ईएमआय'. यावर जरा थांबायला हवं, कारण आपल्या वाचकांमध्ये व्याज कटाक्षानं टाळणारी घरं पुष्कळ आहेत आणि नाव ऐकून त्यांना वाटतं की इथे व्याज नाहीच. समजा साठ हजारांचा लॅपटॉप सहा हप्त्यांत, दर महिना दहा हजार. एकूण साठच भरले, मग व्याज कुठे? ते असं असतं. बँक वर्षाला पंधरा टक्के धरत असेल तर ती या व्यवहाराला सुमारे साडेसत्तावन्न हजारांचं कर्ज आणि अडीच हजार व्याज असं नोंदवते. ते अडीच हजार विक्रेता किंवा कंपनी किमतीत सूट म्हणून आधी कमी करते. क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी लागतो, म्हणजे साडेचारशेच्या वर रुपये, आणि वर प्रक्रिया शुल्क. हे दोन्ही तुमच्या खिशातून. स्टेटमेंट नीट वाचलं तर त्यात 'इंटरेस्ट' हा शब्द छापलेला दिसतो. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. हे आपल्यासाठी योग्य की अयोग्य, ते आपल्या आलिमांना विचारावं, तो माझा प्रांत नाही. पण विचारताना व्यवहार पूर्ण सांगावा, फक्त जाहिरातीतलं नाव सांगू नये. आणि दुकानात आणखी एक वाक्य बोलावं, 'रोख दिले तर किती?' हप्त्यावर मिळणारी ती सूट रोखीतही मागता येते. कधी मिळते, कधी नाही, पण न विचारता कधीच मिळत नाही.

अम्मी त्या बैठकीत चहा देऊन आत गेल्या होत्या. हप्त्याचं कानावर पडल्यावर दारात येऊन म्हणाल्या, 'भिशीचे माझे अजून अकरा महिने भरायचेत. त्यावर दुसरा हप्ता नको.' तिथे तो विषय मिटला. भिशी उचलली म्हणजे पैसे आले असं घरात सगळ्यांना वाटतं. त्या बाईला मात्र माहीत असतं की ते अजून फेडायचे आहेत.

शेवटी काय घेतलं? अठ्ठावन्न हजारांचा विंडोज लॅपटॉप. सोळा जीबी मेमरी, वर एक मोकळा स्लॉट, ५१२ जीबीची एसएसडी, धातूचं झाकण, बरा पडदा, वजन दीड किलोच्या आत. स्टिकर आय-फाइव्हचं. त्यावर तीन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली, तिचे वेगळे पैसे गेले. उरलेले भावाच्या क्लासला. मुलगी दोन दिवस नाराज होती आणि मी तिला समजवायला गेले नाही. तिनं काही गमावलं होतं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. आजही ती चार्जर बरोबर नेते, दुपारच्या लॅबमध्ये प्लगसाठी लवकर जाऊन बसते. मॅकबुक असता तर हे करावं लागलं नसतं. पण तिचं पहिलं वर्ष होतं, काम होतं सी, पायथन आणि थोडं ड्रॉइंग. या कामाला मशीनवर रोज दहा तास बसावं लागत नाही, आणि बसलं तरी ते काम लाखाचं मशीन मागत नाही.

आता उलटी बाजू. माझा एक माजी विद्यार्थी इचलकरंजीत लग्नांचे व्हिडिओ करतो. निकाह, वलीमा, हळदी, सगळ्यांकडची कामं घेतो. सुरुवातीला त्याच्याकडे बावन्न हजारांचा लॅपटॉप होता. फोर-के चित्रण आलं आणि एका लग्नाची फिल्म तयार व्हायला रात्रभर लागू लागली. मध्येच मशीन तापून मंद व्हायचं, सकाळी बघावं तर काम अर्ध्यावर बंद. हंगामात लग्नं एकावर एक येतात, तो मात्र आठवड्याला एकच उरकायचा आणि बाकीची दुसऱ्याला द्यायचा. त्याच्या आईला एक लाख पस्तीस हजारांचा आकडा ऐकून धक्का बसला होता. त्या मला विचारायला आल्या, तेव्हा मी विचारलं, 'हंगामात तो किती लग्नं सोडतो?' त्यांनी बोटांवर मोजली. मोजता मोजताच त्यांना उत्तर मिळालं. वेगळं ग्राफिक कार्ड, बत्तीस जीबी मेमरी, दोन मोठे पंखे असलेलं मशीन त्यानं घेतलं. वजन अडीच किलोच्या जवळ, बॅटरी तीन तासही धड नाही, पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. दिसायला काही नाही. पण त्याची ती जुकी आहे.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. महागडा लॅपटॉप ही एक जात नाही. एक महाग असतो तो पातळ, हलका, शांत आणि दिवसभर बॅटरी देणारा. दुसरा महाग असतो तो जाडजूड आणि ताकदीचा. मॅकबुक एअरला पंखाच नाही. म्हणून तो आवाज करत नाही, आणि म्हणूनच तासन् तास जड काम दिलं की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. या पोरानं लाख रुपये घालून एअर घेतला असता तर पैसेही गेले असते आणि रात्रीही.

तसंच सॉफ्टवेअरचं. पैसे भरण्याआधी ज्या प्रोग्रामवर काम करायचं त्यांची नावं कागदावर लिहा. अकाउंट्सवाल्यांचं टॅली प्राइम विंडोजवर चालतं. सॉलिडवर्क्स, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स ही मेकॅनिकल आणि आर्किटेक्चरच्या मुलांची सॉफ्टवेअरं मॅकसाठी नाहीतच. ऑटोकॅडची मॅकवरची आवृत्ती आहे, पण ती विंडोजसारखी हुबेहूब नाही. मराठी-उर्दू डीटीपीचं काम करणारे आपल्याकडे बहुतेक विंडोजवरच बसलेले असतात, फाइली त्यांच्याशी जुळायला हव्यात. आर्किटेक्चरला गेलेल्या मुलीला कौतुकानं मॅकबुक घेऊन देणं म्हणजे तिला पुढच्या वर्षी दुसरा लॅपटॉप मागायला लावणं. आणि माझ्यासारख्या शिक्षकांचं काय? प्रश्नपत्रिका, निकालपत्रक, यू-डायस प्लसची माहिती भरणं. हे सगळं चाळीस हजारांच्या मशीनवर होतं. पोर्टल बंद पडतं तेव्हा ते लाखाच्या मशीनवरही बंदच असतं.

कोकणातल्या वाचकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. 'भाईजान दुबईहून येतोय, तिथून मागवू का?' मागवावा, पण चार गोष्टी बघून. तिथे व्हॅट पाच टक्के आहे, इथे जीएसटी अठरा, म्हणून किमतीत काही फरक पडतो. पर्यटकांना मिळणारा व्हॅटचा परतावा तिथे राहणाऱ्या भाईजानला मिळत नाही, हे हिशेबात धरा. अठरा वर्षांवरील प्रवाशाला स्वतःबरोबर एक लॅपटॉप विनाशुल्क आणता येतो. दोन आणले, एक तुमचा आणि एक मावसबहिणीचा, तर दुसऱ्यावर कस्टम लागू शकतं. कीबोर्ड अरबी-इंग्रजी आहे का ते आधी विचारा. उर्दू लिहिणाऱ्याला तो गोडही वाटेल, इतरांना गोंधळाचा. चार्जरची पिन तिथली चौकोनी, तीन पायांची असते. आणि वॉरंटी. मॅकबुकची एक वर्षाची वॉरंटी भारतातही चालते. इतर कंपन्यांच्या बाबतीत मॉडेलगणिक फरक असतो, तेव्हा बिल करण्याआधी 'आंतरराष्ट्रीय वॉरंटी' लिहिलेली आहे का, ते भाईजानला बघायला सांगा. आठ-दहा हजार वाचवायचे आणि बिघडल्यावर मशीन परत दुबईला जायची वाट बघायची, यात फायदा नाही.

ज्यांना मजबुती हवी पण लाख नकोत, त्यांच्यासाठी एक तिसरी वाट आहे, तिची चर्चा घरांत कमी होते. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशा मालिकांतले. ही मशीनं मुळात महाग असतात, बिजागरी आणि कीबोर्ड दणकट, उघडून दुरुस्त करता येण्याजोगी. तपासून, साफ करून ती निम्म्याहून कमी किमतीत विकली जातात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, आणि आता जिल्ह्याच्या गावातही. पण इथे फसायला होतं ते प्रोसेसरच्या पिढीवर. विंडोज १० ची मोफत दुरुस्ती-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं बाजारात ढिगानं आली आहेत, स्वस्त आणि दिसायला झकास. ती घेऊ नका. आठव्या पिढीच्या पुढचीच बघा, जितकी नवी तितकी बरी. बॅटरीचा रिपोर्ट दुकानदाराकडून समोरच काढून घ्या. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे येतात. आजचा आकडा निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

शेवटचं, खरेदीच्या दिवसाचं. जाताना ज्याला वापरायचा आहे त्याला बरोबर न्या. पाच मिनिटं उभ्यानं का होईना, त्या कीबोर्डवर मराठी-इंग्रजी काहीतरी टाइप करून बघायला सांगा. झाकण एका बोटानं दाबून किती लवतं बघा. खोक्यावरचा मॉडेल क्रमांक पूर्ण लिहून घ्या, कारण एकाच नावाच्या दोन मशीनांत एकाचा पडदा बरा आणि दुसऱ्याचा फिका असू शकतो, फरक फक्त शेवटच्या चार अक्षरांत असतो. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे की पुण्याला, ते तिथेच विचारा. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच सगळं वापरून बघा: कॅमेरा, माइक, दोन्ही बाजूंचे यूएसबी, वाय-फाय, पांढऱ्या पडद्यावर एखादा काळा ठिपका दिसतो का. बदलून देण्याची मुदत दिवसांत असते आणि ती बिलाच्या तारखेपासून मोजतात, मुलीचं कॉलेज सुरू झाल्यापासून नाही. बिलावर जीएसटीसह पूर्ण नाव आणि सिरियल नंबर आहे का बघा, मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि मूळ बिल रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. घरात ती पिशवी सहसा हरवत नाही.